खऱ्या स्टर्लिंगच्या सुट्या भागांपासून ई-११ ब्लास्टर: जुना रंग ठेवू की काढू?

लोहभुगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो. आता खरोखर अडलोय म्हणून पहिला धागा काढतोय.

'स्टार वॉर्स'च्या १९७७च्या पहिल्या चित्रपटात पांढऱ्या चिलखतातले स्टॉर्मट्रूपर जे आखूड काळं ब्लास्टर घेऊन धावतात, ते ई-११ मी बांधतोय. रेझिनमध्ये ओतलेलं किंवा प्रिंटरवर छापलेलं नको होतं. ते मुळात ज्या बंदुकीवर बेतलं होतं, त्या स्टर्लिंग सबमशीनगनचे निकामी केलेले खरे भाग घेऊनच ते करायचं ठरवलं. सुरुवातीलाच स्पष्ट करतो: ही वस्तू उडत नाही आणि पुढे कधी उडवताही येणार नाही. का, ते खाली येईलच.

ज्यांना या वस्तूंचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. चित्रपटाचं बजेट तुटपुंजं होतं. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी भविष्यातल्या बंदुका नव्याने घडवण्याऐवजी लंडनच्या बॅप्टी या चित्रपटांना शस्त्रं भाड्याने देणाऱ्या कंपनीतल्या खऱ्या बंदुका निवडल्या आणि त्यांवर सटरफटर वस्तू चिकटवल्या. स्टर्लिंगचं ई-११ झालं, माउझर सी-९६ पिस्तुलाचं हान सोलोचं डीएल-४४ झालं, जर्मन एमजी-३४ आणि लुईस गन यांच्या लांब रायफली झाल्या. पुढे १९७८ साली त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं, त्यात ख्रिश्चन यांचाही वाटा होता. दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांना हवं होतं ते 'वापरलेलं विश्व', म्हणजे जिथे यानं तेलकट आहेत, भिंतींवर ओघळ आहेत आणि कुठलीच वस्तू खोक्यातून आत्ताच काढल्यासारखी दिसत नाही.

आता ई-११ची फोड. खाली अख्खी स्टर्लिंग, दस्ता दुमडून नळीखाली घेतलेला. वर दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी एम-३८ ही रणगाड्याची दुर्बीण. डाव्या बाजूला हेंगस्टलर या जर्मन कंपनीचं आकडे मोजणारं यंत्र, कारखान्यात यंत्रांवर बसवतात तसलं. आणि नळीच्या भोकाभोकांच्या आवरणावर टी आकाराच्या छेदाच्या काळ्या प्लास्टिक पट्ट्या, सुपरग्लूने चिकटवलेल्या. त्यांची कड बाहेर उभी राहते आणि इंजिन थंड करणाऱ्या पंखांसारखी दिसते. हीच पट्टी नायक ल्यूकच्या लाइटसेबरच्या (प्रकाशाच्या तलवारीच्या) मुठीवर आहे, आणि ती मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशगनचा दांडा. एकाच पट्टीने बंदूकही परग्रहाची झाली आणि फ्लॅशगनही. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

माझ्याकडचे खरे भाग: पिस्तुलासारखी मूठ आणि चापाची पेटी, घडीचा दस्ता, मॅगझिनचं घर, मागची टोपी, एक मॅगझिन आणि बोल्टचा कापलेला पुढचा अर्धा भाग. हा बोल्ट हातात घेऊन बघण्यासारखा आहे. स्टर्लिंगचे रचनाकार जॉर्ज पॅचेट यांनी त्याच्या अंगावर तिरक्या, मळसूत्री कडा काढल्या होत्या. बोल्ट पुढेमागे जाताना नळीत शिरलेली वाळू आणि मळ त्या कडा खरवडून बाजूला ढकलतात. माझ्या तुकड्याच्या दोन कडांमध्ये अजून करड्या, घट्ट झालेल्या वंगणाची रेघ आहे. ती मी पुसलेली नाही.

मुख्य नळी मात्र खरी नाही. साधारण ३८ मिलिमीटर व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची नळी आणून भोकांच्या ओळी मी स्वतः पाडल्या. आतली बॅरल म्हणजे भरीव दांडा, आरपार भोकच नाही.

आणि आता प्रश्न. खऱ्या भागांवर स्टर्लिंगचा मूळ सुरकुत्यांचा काळा रंग आहे, पण बऱ्याच जागी झिजलेला. मुठीच्या मागच्या बाजूला, जिथे अंगठ्याचं बेचकं टेकतं, तिथे तो पार गुळगुळीत झालाय. दस्त्याच्या सांध्यावर नुसतं लोखंड चकाकतंय. शेजारी माझी नळी कोरी करकरीत. सगळं खरवडून एकसारखा रंग मारू, की जुना ठेवून नव्या नळीलाच त्याच्या जोडीला आणून बसवू? दोन आठवडे नुसता बघत बसलोय.

पितळी

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे.

माझं मत: खरवडा. पडद्यावर ई-११ काळं कुळकुळीत दिसतं, झीज दिसत नाही. प्रतिकृती पडद्यावरच्या वस्तूची करायची, तुमच्या हाती लागलेल्या भागांची नाही. अर्धी वस्तू म्हातारी आणि अर्धी तरुण दिसली तर डोळ्याला सारखं खुपत राहील.

टीपकागद

आधी कायद्याचं सांगा. हे भाग असे मिळतात कसे? आणि घरी ठेवता येतात?

लेथकाका

टीपकागद, देशागणिक उत्तर वेगळं आहे आणि ते नीट माहीत करून घेतल्याशिवाय कुणी या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेत रिसीव्हर (बाकी भाग ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा) म्हणजेच कायद्याने बंदूक. स्टर्लिंगसारख्या नळीच्या बंदुकीत ती नळीच रिसीव्हर. म्हणून नळी गॅसच्या ज्योतीने ठरलेल्या जागी कापून तुकडे करतात आणि बाकीचे भाग संच म्हणून विकले जातात. पण हे कापलेले तुकडे वेल्डिंगने परत जोडले, तर तुम्ही मशीनगन तयार केली असं धरलं जातं. ती उडते की नाही हा मुद्दाच तिथे येत नाही. १९८६ नंतर सामान्य नागरिकाला नवी मशीनगन स्वतःच्या नावावर नोंदवताही येत नाही. धागाकर्त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची कोरी नळी घेतली ती म्हणूनच, आणि अगदी योग्य केलं.

ब्रिटनमध्ये अख्खी स्टर्लिंग निकामी करून मिळते, पण लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचं (बंदुका तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र हवं. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्रे' या व्याख्येतच शस्त्रांचे भागही येतात. म्हणजे सुटा बोल्ट किंवा चापाची पेटी परवान्याशिवाय जवळ ठेवणंही गुन्हा. तिथे असाल तर रेझिन, लाकूड, प्लास्टिक. यात पळवाट शोधू नका.

लोहभुगा

काकांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. एक भर घालतो. मॅगझिनचं घर माझ्याकडे आलं तेव्हा त्याला मूळ नळीचा वितळून ओघळलेला तुकडा चिकटलेला होता. तो वाचवून नव्या नळीत बसवला असता तर काम सोपं झालं असतं. मी तो पूर्ण कापून काढला आणि घराला खालून नवी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिली. त्या एका सांध्याने चार शनिवार घेतले. पण आता मनात किंतु नाही.

मृद्गंध

राग मानू नका, मनापासून विचारतेय. रेझिनच्या खेळण्याचा छंद मला समजतो. पण हे खऱ्या युद्धातल्या शस्त्राचे भाग आहेत. कुणाच्या तरी हातात ते होते, कदाचित कुणाच्या तरी अंगावर रोखलेही गेले असतील. ते घरात हौसेने मांडावेसे कसे वाटतात?

लोहभुगा

मृद्गंधताई, राग कसला. हा प्रश्न मलाही पडला होता, पार्सल उघडलं तेव्हाच. मूठ हातात घेतली आणि अंगठा आपोआप त्या झिजलेल्या जागी गेला. कुणाचा तरी अंगठा तिथे वर्षानुवर्षं टेकला होता. त्या क्षणी चित्रपट आठवला नाही.

स्टर्लिंग ब्रिटिश सैन्यात १९५३ साली आली आणि जवळजवळ ४० वर्षं राहिली. कॅनडात तिची आवृत्ती बनली, कानपूरच्या कारखान्यात कार्बाइन म्हणून बनली. तिचा इतिहास पुसावा असं मला वाटत नाही. पण ज्योतीने कापलेली, परत कधीच बंदूक होणार नाही अशी ही लोखंडं भंगारात गेली असती. त्याऐवजी ती एका गोष्टीचा भाग होतायत. ती गोष्ट जुलमी साम्राज्याच्या शिपायांची आहे आणि त्यांच्या हातात खरं, जड शस्त्र दिसतं म्हणूनच पडद्यावर त्यांची भीती वाटते. मुलांना मी ती वस्तू दाखवीन तेव्हा दोन्ही सांगेन, चित्रपटाचंही आणि सैन्याचंही.

मृद्गंध

पटलं असं पूर्ण म्हणणार नाही, पण उत्तर आवडलं. वाचत राहीन.

संध्याकाळची_गाडी

खरे भाग का, याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ओबी-वॅनचं लाइटसेबर. ल्यूकचं फ्लॅशगनवरून केलं हे पुष्कळांना माहीत असतं. ओबी-वॅनच्या दांड्यात काय काय आहे बघा: मूठ म्हणजे पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश नंबर ३ रायफल ग्रेनेड. त्याच्या खाली ब्राउनिंग एएन-एम२ मशीनगनच्या तोंडाचा बूस्टर. वरचं टोक रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनातल्या बॅलन्स पाइपचं. आणि अगदी बुडाला आर्मिटेज शँक्सच्या नळाची चावी, हात धुवायच्या बेसिनवरची!

जेट इंजिन, रायफल ग्रेनेड आणि बाथरूमचा नळ. या तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण एका ओळीत लावल्यावर वाटतं की ही वस्तू कुठल्यातरी जुन्या संप्रदायात शिष्यांकडून शिष्यांकडे आली असेल. शौकिनांनी एकेक भाग ओळखत वर्षं घालवली.

कुणाला खरा ग्रेनेड घेऊन हे करायचं असेल तर हात जोडून विनंती: रिकामा, भोक पाडून निकामी केलेला आणि तसा तपासलेलाच घ्या. पहिल्या महायुद्धातली स्फोटकं आजही जीव घेतात.

धातुविद

मी या विषयात कडवा आहे, म्हणून थेट लिहितो. निकामी केलेल्या संचातून बांधणी करायला माझी हरकत नाही. पण डीएल-४४ करायला धडधाकट माउझर सी-९६ कापणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. सी-९६ १८९६ पासून १९३७ पर्यंत बनलं, पुढे कधीच बनणार नाही. त्याच्या आतले भाग एकमेकांत असे गुंततात की मुठीच्या पट्ट्यांचा एक स्क्रू सोडला तर कुठे स्क्रूच नाही. असं यंत्र कापून त्यावर एमजी-८१ मशीनगनचा फ्लॅश हायडर (तोंडाशी निघणारी ज्वाळा लपवणारा भाग) आणि हेन्झोल्टची दुर्बीण लावायची, हे मला मंदिराचा कोरीव खांब काढून घराचा उंबरा करण्यासारखं वाटतं.

चित्रपटवाल्यांनी केलं तेव्हा ती भाड्याच्या दुकानातली एक जुनी वस्तू होती. काम झालं की वरचं सगळं काढून बंदूक परत फळीवर जायची. डीएल-४४ची एक चित्रीकरणातली प्रत २०२२ साली लिलावात १०,५७,५०० डॉलरला गेली. ते मोल त्या एका वस्तूचं. तुम्ही आज कापलेल्या माउझरला ते कधीच येणार नाही.

लोहभुगा

धातुविद, शंभर टक्के सहमत. डीएल-४४ मी कधी केलंच तर धातूची नकली माउझर घेऊन करीन.

अभ्र

विज्ञानपटांच्या बंदुकांचा विषय निघालाय तर 'ब्लेड रनर'मधल्या पिस्तुलाबद्दल लिहितेच. १९८२चा चित्रपट. त्या पिस्तुलात ऑस्ट्रियन स्टायर मानलिखर रायफलचा बोल्टकडचा भाग आणि चार्टर आर्म्सचं बुलडॉग रिव्हॉल्वर एकात एक बसवलेलं आहे, मधाच्या रंगाची पारदर्शक मूठ आणि वर छोटे लाल-हिरवे दिवे. चापही दोन, कारण रायफलचा दुहेरी चाप तसाच राहिला.

चित्रपटानंतर हे पिस्तूल नजरेआड गेलं. शौकिनांनी धूसर फोटोंवरून, व्हिडिओ टेपची एकेक चौकट थांबवून मापं काढली. वीसेक वर्षांहून जास्त काळ हे चाललं. मग २००६ साली लॉस एंजेलिसजवळच्या अ‍ॅनाहाइममध्ये भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात मूळ पिस्तूल काचेमागे ठेवलेलं दिसलं! लोकांनी मिळेल त्या कोनातून फोटो काढले आणि घरी येऊन आपापल्या प्रतिकृती परत उघडल्या. २००९ साली ते लिलावात २,७०,००० डॉलरला विकलं गेलं.

मला यातलं सर्वांत जवळचं वाटतं ते असं: इतकी वर्षं ज्यांनी रायफलचा खरा भाग शोधून काढला होता त्यांची मापं मूळ वस्तूशी सहज जुळली, कारण कारखान्यातून आलेला भाग सगळीकडे एकच असतो. डोळ्याच्या अंदाजाने घडवलेला भाग कधी ना कधी चुकतोच. म्हणून धागाकर्त्यांचा खऱ्या भागांचा हट्ट मला पूर्ण पटतो.

पितळी

अभ्र, हे माहीत नव्हतं. पण माझा मुद्दा तिथेच आहे. रंगाचं काय?

लेथकाका

रंगाबद्दल माझं मत पितळीच्या उलट. बॅप्टीकडच्या बंदुका खऱ्या वापरातल्या होत्या, भाड्याने फिरून आलेल्या. पहिल्या चित्रपटात त्यांतून कोरी (गोळी नसलेली) काडतुसं झाडली गेली. नीट पाहिलंत तर काही दृश्यांत ब्लास्टरमधून रिकामं पितळी टरफल उडताना चक्क दिसतं. म्हणजे पडद्यावर दिसतं ते झिजलेलं, तापलेलं, काम करणारं लोखंड आहे. ती झीज खरवडून काढणं म्हणजे ज्यासाठी खरे भाग घेतले तेच काढून टाकणं.

आता कृती. अ‍ॅल्युमिनियमवर सुरकुत्यांचा रंग थेट मारू नका, पापुद्रा सुटतो. आधी बारीक पॉलिश पेपरने घासा, तेलाचा अंश पुसा, एचिंग प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला थर) द्या. मग रिंकल पेंटचे तीन जाड हात: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका. दोन हातांमध्ये पाचेक मिनिटं, जास्त नाही. नंतर ९० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब द्या, म्हणजे सुरकुत्या एकसारख्या पडतात. वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा अजून ओला असतो, त्या ओढाताणीतूनच सुरकुती पडते. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.

लोहभुगा

काका, तुमच्या कृतीने काल केलं. पहिला प्रयोग फसला. फोन आला, दोन हातांमध्ये जवळजवळ अर्धा तास गेला आणि सुरकुत्या पडल्याच नाहीत, नुसती खरखर आली. सगळं काढून परत घासलं. दुसऱ्या वेळी घड्याळ समोर ठेवून केलं. ऊब दिल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला पृष्ठभाग हलायला लागला. चकचकीत काळ्यावर आधी बारीक भेगांसारखं जाळं आलं, मग ते फुगून मेंदूच्या वळ्यांसारखं झालं. मी खुर्ची ओढून बघत बसलो होतो.

जुन्या मुठीशेजारी ठेवलं तर सुरकुतीचा पोत जवळजवळ जुळलाय. फरक फक्त वयाचा. तर ठरलं: जुन्या भागांवर हात लावायचा नाही.

पितळी

फोटो पाहिले. मान्य करतो, मी चुकलो होतो. खास करून दस्त्याचा सांधा. तो खरवडला असता तर हळहळलो असतो.

पण नळीवर झीज कशी आणणार? नवी नळी अजून नवीच दिसते.

लोहभुगा

तिथे मी खोटी झीज फार करणार नाही. ब्रशने चंदेरी रंग कडांवर टिपकवायची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. बंदूक कुठे झिजते ते तिच्या वापरावरून ठरतं. दस्ता दुमडताना त्याची टोकाची पट्टी नळीला खालून घासते. मी तो दस्ता रोज रात्री वीस-पंचवीस वेळा उघडतो-मिटतो. आठ दिवसांत नेमक्या जागी दोन बारीक चंद्रकोरी उमटल्या. दुर्बिणीच्या कंसाखालीही एक ओरखडा आला, कंस चारदा काढून बसवल्यामुळे. तेवढं पुरे आहे.

टीपकागद

वजन किती भरतं? खऱ्या स्टर्लिंगशी तुलना?

लोहभुगा

खरी रिकामी स्टर्लिंग साधारण २.७ किलो. माझी नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि बोल्ट अर्धाच, त्यामुळे तिथे वजन गेलं. पण एम-३८ दुर्बीण भरीव पितळ आणि काचेची आहे, तिने बरंच परत आणलं. एकूण २.९ किलो. वजन पुढे आणि वर सरकल्यामुळे एका हाताने धरलं की मनगट आपोआप वळतं आणि दुसरा हात मदतीला येतो. चित्रपटातले शिपाई ब्लास्टर दोन्ही हातांनी छातीशी का धरतात, ते मला घरात चार येरझाऱ्या घातल्यावर कळलं. रेझिनची प्रत हातात घेऊन ते कळलं नसतं.

धातुविद

संमेलनाला नेणार असाल तर बंद पेटीतूनच न्या. दारावरच्या तपासनिसाला आधी सांगा, मग उघडून दाखवा. रस्त्यावर, गाडीच्या मागच्या काचेतूनसुद्धा ती दिसता कामा नये. ती बंदूक नाही हे तुम्हाला माहीत आहे, बघणाऱ्याला नाही.

लोहभुगा

पेटी तयार आहे, कुलपासकट. आत फोम आणि झाकणाच्या आतून सगळ्या कागदांच्या प्रती.

अभ्र

एकच राहिलं. मोजणी यंत्राच्या खिडकीत आकडा कुठला ठेवलात? बरेच जण तिथे १९७७ लावतात.

लोहभुगा

मीही आधी तेच ठरवलं होतं. यंत्र आलं तेव्हा ते ४१७३६ वर थांबलेलं होतं. कुठल्यातरी कारखान्यात कसली तरी ४१ हजार ७३६ नगं मोजून ते बंद पडलं असणार. बाजूची शून्यावर न्यायची कळ अजून चालते, अंगठा तिच्यावर ठेवलाही होता. दाबली नाही. काल रात्री तसंच बसवलं, दोन स्क्रू आवळले आणि दिवा बंद केला. फोटो सकाळच्या उजेडात काढून टाकतो.